घराची भिंत आणि अंगणातला बाक : रंग कसा द्यावा?



पाऊस उघडला, दसरा-दिवाळी जवळ आली की गावात घरोघर रंगाची बोलणी सुरू होतात. काही जणांना वाटते, रंग म्हणजे नुसती शोभा. पण बाहेरच्या भिंतीला रंग लागतो तो ऊन, पाऊस आणि किडामुंगी यांच्यासाठी. शोभा नंतर.

आमचे घर मातीच्या भिंतींचे आहे. गावातली निम्मी घरे तशीच आहेत, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते. मातीच्या भिंतीला चुनाच का द्यायचा? आमच्या काकांचे म्हणणे होते की एकदाच ऑइल पेंट मारा, दरवर्षीची कटकट जाईल. आबा म्हणाले, "अरे, भिंतीला श्वास घेऊ दे की!" वाद काही मिटेना. शेवटी पावसाळ्याआधी गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर आम्ही दोन चौकोन रंगवले, हातभर लांब आणि हातभर रुंद. एक चुन्याचा, एक ऑइल पेंटचा. गणपतीपर्यंत ऑइल पेंटच्या चौकोनाला फुगे आले, आणि बोट लावले तर मातीसकट पोपडा हातात! चुन्याचा चौकोन मळला होता, पण जागेवर होता.

याचे कारण असे. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढून घेते. चुन्यातून ती ओल वाफ होऊन बाहेर पडते. ऑइल पेंटचा मात्र वर पापुद्रा बसतो आणि ओल आत कोंडते. मग ती रंगाला ढकलते. सिमेंटच्या गिलाव्याचे घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बाहेरच्या भिंतीचा सिमेंट रंग चालतो.

आता चुना म्हणजे काय ते पाहू. चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात. सुमारे 900 अंश सेल्सिअसला त्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत चुनखडी सापडते. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो, वाफा येतात. याला चुना विरवणे म्हणतात. विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायॉक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो! म्हणजे आपण भिंतीवर पातळ दगडच चढवतो म्हणा ना. गुरुजींनी वर्गात निवळीत नळीने फुंकर मारायला लावली होती आणि निवळी दुधासारखी झाली होती, तोच हा प्रकार.

पण मित्रांनो, चुना विरवणे हे मोठ्या माणसांचे काम. चुन्याच्या खड्यांवर वरून पाणी ओतू नये, ते उसळते. आधी पाणी घ्यावे आणि त्यात खडे थोडे थोडे सोडावेत. भांडे जुने लोखंडी घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमचे चालत नाही, चुना ते खातो. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने वाकते. आणि डोळे! चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आमच्या आळीत एका लहान मुलाने पानाच्या चुन्याची पुडी दाबली आणि चुना उडून डोळ्यात गेला. त्याच्या आजीने लगेच हंड्यातले पाणी ओतत ठेवले, म्हणून निभावले. तूप, तेल, लिंबू काही घालू नये. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. पालकांनी हे एवढे तरी लक्षात ठेवावे.

एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी घेऊन रात्रभर मुरू द्यावे, सकाळी फडक्यातून गाळावे. त्यात भिजवलेला डिंक घातला की चुना अंगाला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली तर पांढरा रंग खुलतो. जास्त नको, नाहीतर घर आभाळी दिसते. भिंतीचे जुने पोपडे खरवडून, भेगा माती-भुशाने बुजवून, वाळल्यावर भिंतीवर पाणी शिंपडावे. कोरडी भिंत चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि मग चुना भुरभुर झडतो. पहिला हात उभा, दुसरा आडवा. ओला असताना काहीच दिसत नाही, म्हणून दाट लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाळला की पांढरा होतोच. आमची आई भर उन्हात कुंचा हातात धरत नाही, सकाळी आठच्या आत एक भिंत उरकते.

आता अंगणातला बाक. लोखंडाला चुना उपयोगाचा नाही, तिथे ऑइल पेंटच हवा. आधी गंज काढायचा, मग रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात, तो वाळला की रंगाचे दोन पातळ हात. गंमत म्हणजे रेड ऑक्साइड आणि आपला गेरू दोन्ही लोहाचेच. पूर्वी लोखंडाला शेंदराचे अस्तर देत. शेंदरात शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे घालायला बंदी आहे. पण घरातले जुने बाक, पाळणे, खिडक्यांचे गज त्याआधीचे आहेत! त्यांचा रंग कोरडा घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, नाकाला फडके बांधावे, निघालेला चोथा कागदात गोळा करावा आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. लहान भावंडांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे.

बाक लाकडी असेल तर भोके लांबी भरून बुजवावीत, आणि लाकूड पुरते वाळल्याशिवाय हात लावू नये. पायांचे तळ लोक विसरतात. ओल आणि वाळवी तिथूनच चढते. आबांनी आमचा बाक उलटा पाडून आधी तळ रंगवून घेतले, आणि पायांखाली चार फरशीचे तुकडे ठेवले. दुसरा हात वाळायला एक रात्र लागली. कोंबड्या बसू नयेत म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी