ओलं केव्हा, कोरडं केव्हा: मिक्स्ड मीडिया शुभेच्छापत्राविषयीचे गैरसमज

जितकी माध्यमं जास्त तितकं शुभेच्छापत्र सुंदर, ही समजूत फार घट्ट बसली आहे. खरं तर दोन-तीन माध्यमं पुरतात. कार्ड साधतं की बिघडतं, हे कोणत्या थरावर कोणता थर आला आणि त्या वेळी खालचा ओला होता की कोरडा, यावर ठरतं.

सर्वांत जास्त गोंधळ रंग एकजीव करण्याबाबत आहे. ओल्या ब्रशने घासत राहिलं की कोणताही रंग मिसळतो, असं वाटतं. जलरंगातला डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, म्हणून त्याची कड दुसऱ्या दिवशीही बरीचशी मऊ करता येते. ॲक्रिलिक मात्र एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. त्याचे रंग ओले असतानाच एकमेकांत मिळवावे लागतात. याच गुणाचा फायदाही घेता येतो. खाली ॲक्रिलिक पूर्ण वाळवून वर जलरंग फिरवला, तर नको तिथला जलरंग ओल्या फडक्याने टिपता येतो आणि खालच्या थराला धक्का लागत नाही.

भरपूर रंगांनी कार्ड खुलतं, हेही खरं नाही. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या ओल्या असताना भिडल्या की मातकट छटा उरते. पिवळा, नारिंगी, लाल असे शेजारी रंग निर्धास्त मिसळावेत. विरोधी रंग हवाच असेल तर आधीचा थर वाळू द्यावा.

ऑइल पेस्टल कुठेही चालतो, असं मानणाऱ्यांनी त्यातलं तेल आणि मेण लक्षात घ्यावं. त्यावरून जलरंग ओघळतो आणि रेघा उजळ राहतात. हा परिणाम देखणा दिसतो. ॲक्रिलिक मात्र त्यावर नीट धरत नाही.

पोतासाठी महागडी पेस्ट लागतेच असं नाही. विकतच्या टेक्श्चर पेस्टमध्ये बहुधा ॲक्रिलिकचा चिकट घटक आणि संगमरवराची किंवा खडूची बारीक पूड असते. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात खडूची वस्त्रगाळ पूड घोटून श्रीखंडाइतकी घट्ट केली की घरचं काम भागतं. स्टेन्सिलवरून पातळच थर द्यावा. हेअर ड्रायर जवळ धरून घाईने वाळवला तर त्यावर फोड येतात. पेस्ट वाळल्यावर पातळ ॲक्रिलिक फिरवून लगेच वरवर पुसावं. रंग खाचांत साचतो, उंचवटे फिके राहतात आणि तेव्हा कुठे पोत डोळ्यांत भरतो. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत आनंदाचा टप्पा.

‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून मागे हटणाऱ्यांना मेरी डिलेनी ठाऊक असायला हवी. इंग्लंडमधल्या या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर, 1772 च्या सुमारास, रंगीत कागद कातरून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली. त्यांत कुठे जलरंगाचा हात, कुठे चक्क खरं पान. अशी हजाराच्या आसपास चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

कागदात मात्र काटकसर नको. झेरॉक्सचा 70-80 जीएसएम कागद पाण्याने तंतू फुगून लगेच सुरकुततो. 300 जीएसएमचा जलरंगाचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवावा आणि वाळल्यावरच सोडवावा. जाड कार्ड टपालाला जड जातं, ही भीतीही अनाठायी आहे: ए-5 आकाराचा असा कागद जेमतेम साडेनऊ ग्रॅम भरतो. मजकूर वेगळ्या कागदावर लिहून आत दुहेरी टेपने चिकटवावा. पातळ गोंदाने तो कागद आक्रसतो.