शाल, श्रीफळ आणि पावती

आधी एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची माझी कायम बोंब असते. तरी हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण ज्यांच्यामुळे तो सुचला त्यांना तो वाचता आला पाहिजे. ते आपल्या मेसमध्ये पोळ्या वाढतात.

झालं असं. मी सेकंड इयरला असताना खामगाव तालुक्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाला ब्लड कॅन्सर निघाला. उपचार मुंबईला चालू झाले. आम्ही सात जणांनी मिळून लहान मुलांच्या उपचारांना मदत करणाऱ्या एका ट्रस्टसाठी निधी जमवायचं ठरवलं. रूमवर जाऊन डबा फिरवला, गॅदरिंगमध्ये पाणीपुरीचा स्टॉल लावला. एकूण ४१,३५० रुपये जमले. त्यातले सहा हजारांच्या वर एकट्या मेसच्या काकांनी आणले होते. स्वयंपाकघरातली माणसं, ऑटो स्टँड, चहाची टपरी, सगळीकडून दहा-वीसच्या नोटा गोळा करून त्यांनी एका पिशवीत आणून दिल्या.

मग आम्ही "कृतज्ञता सोहळा" घेतला. पाच हजारांचा चेक देणाऱ्या पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि मोमेंटो दिला. त्या मुलाच्या वडिलांना स्टेजवर बोलावलं आणि मुलाचा फोटो बॅनरवर मोठ्ठा छापला. काका तेव्हा खुर्च्या लावत होते. आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नाही, मलासुद्धा नाही.

तीन महिन्यांनी ताटात पोळी टाकता टाकता काकांनी विचारलं, "काजी बाबू, त्या पोट्ट्याचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाल कोणत्या दुकानातून आणली ते मला आठवत होतं, पण मुलगा कसा आहे ते माहीत नव्हतं. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो: मुलांच्या हॉस्पिटलसाठी पैसे देणाऱ्यांचे आणि जमवणाऱ्यांचे आभार नेमके मानायचे कसे?

नावाची पाटी

सर्वात जुनी पद्धत म्हणजे दगडावर नाव कोरणं. मुंबईत परळला मुलांचं जे हॉस्पिटल सगळे नुसतं "वाडिया" म्हणून ओळखतात, त्याचं पूर्ण नाव बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल. नेस आणि कुसरो वाडिया या भावांनी १९२६ साली वडिलांच्या नावाने नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभारलं आणि १९२९ साली आईच्या नावाने हे मुलांचं हॉस्पिटल. आज तिथे बाळाला कडेवर घेऊन येणाऱ्या कितीतरी आयांना जेरबाई कोण हे माहीतही नसेल. तरी त्यांच्या तोंडी नाव तेच येतं. पाटीची ताकद ही अशी.

गंमत म्हणजे त्याच १९२९ साली लंडनमध्ये बरोबर उलट गोष्ट घडली. "पीटर पॅन"चे लेखक जे. एम. बॅरी यांनी त्या पुस्तकाचे आणि नाटकाचे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले, आणि त्यातून किती पैसे मिळतात ते जाहीर करू नये अशी इच्छा सांगितली. हॉस्पिटलने ती पाळली. नाव सगळ्या जगाला माहीत, आकडा मात्र झाकलेला! म्हणजे आभार मानायचे तर रक्कम सांगितलीच पाहिजे असं काही नाही.

पाटीला मर्यादाही असते. कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. साताऱ्याच्या कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव मोठ्या देणगीसाठी बदलायला त्यांनी साफ नकार दिला होता. देणगीदाराचा मान ठेवायचा, पण संस्था त्याच्या नावावर विकायची नाही, हा फरक त्यांना पक्का कळला होता.

जमवणारा कुठे बसतो?

देणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. जमवणाऱ्याचं काय? चार लोकांची बोलणी खाऊन, दहा दारं फिरून जो पैसे आणतो त्याच्या खिशातून कदाचित शंभरच गेलेले असतात. हिशोबाच्या वहीत तो दिसतच नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिथे याचा विचार केलेला दिसतो. धावणारा माणूस एखाद्या संस्थेसाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडून निधी गोळा करतो आणि ठरावीक रकमेच्या वर गेला की त्याची वेगळी नोंद होते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे विद्यार्थी १९९१ पासून रायली या मुलांच्या हॉस्पिटलसाठी ३६ तासांची डान्स मॅरेथॉन करतात. रायन व्हाइट नावाच्या मुलाच्या आठवणीत ती सुरू झाली. हिमोफिलियाच्या उपचारांतून त्याला एचआयव्हीची लागण झाली होती आणि १९९० मध्ये तो वारला. या कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून जमवलेली एकूण रक्कम स्टेजवरून दाखवतात. त्या एका आकड्यात सगळेच असतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे "लोकसत्ता"च्या "सर्वकार्येषु सर्वदा" उपक्रमात, २०११ पासून, संस्थांना मदत पाठवणाऱ्या वाचकांची नावं पेपरात छापून येतात. छोट्या रकमेच्या माणसालाही स्वतःचं नाव शोधता येतं.

आता जरा कामाची गोष्ट. देणगीवर प्राप्तिकरात जी सवलत मिळते, जिला सगळे "ऐंशी-जी" म्हणून ओळखतात, ती ज्याचे पैसे त्यालाच मिळते. तीस जणांचे पैसे एकाच्या नावाच्या चेकने पाठवले तर पावती त्या एकाच्या नावाने फाटते आणि बाकीचे एकोणतीस कागदावरून गायब होतात. शिवाय दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून यादी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. पिशवीतल्या सहा हजारांच्या मागे किती माणसं होती ते आम्हाला आजही नीट सांगता येणार नाही.

बॅनरवरचं मूल

आमची सर्वात मोठी चूक ही होती, असं आता वाटतं. मदत घेणाऱ्या बापाला आम्ही स्टेजवर उभं करून आभार मानायला लावले. तो "नाही" कसा म्हणेल? आणि तो मुलगा उद्या बरा होऊन शाळेत गेला की त्याला "बॅनरवाला पोरगा" म्हणून ओळखायचं का? देणाऱ्यांचं कौतुक करण्यासाठी आजारी मुलाला पुढे करणं हे कौतुक नाही, ती वसुली झाली. आभार मानायचे ते संस्थेने आणि जमवणाऱ्यांनी. मुलाने फक्त बरं व्हायचं.

ओपन लूप आणि क्लोज्ड लूप

आपण कंट्रोल सिस्टिममध्ये शिकतो की आउटपुटची खबर इनपुटपर्यंत पोचली नाही तर ती सिस्टिम ओपन लूप. आमचा सोहळा तसाच होता. पैसे गेले, टाळ्या वाजल्या, विषय संपला. पण मुलांच्या ब्लड कॅन्सरचा जो सर्वसाधारण प्रकार आहे, त्याचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. औषधाबरोबर राहणं, खाणं, आणि दर वेळी विदर्भ एक्सप्रेसने जाणं-येणं असतं. मुंबईत सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून अशा मुलांना आणि आईवडिलांना उपचार संपेपर्यंत मोफत राहायला जागा देते. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आधार देते. ही कामं एका चेकवर चालत नाहीत. लोकांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा द्यावं लागतं. आणि पहिल्या पैशाचं काय झालं हे कळलं तरच माणूस दुसऱ्यांदा देतो.

काकांचा प्रश्न म्हणजे तो फीडबॅक होता. त्यांना शाल नको होती, खबर हवी होती.

आपल्या गावात

हे शिकायला मला लंडन-अमेरिका करावी लागली, आणि उत्तर हॉस्टेलपासून हाकेच्या अंतरावर होतं. संस्थानातले सेवाधारी आपण रोज पाहतो. पांढरे कपडे, समोरच्याला "माऊली" म्हणून हाक, आणि पगार नाही. गावोगावची शेतकरी, कामकरी माणसं पाळीपाळीने येऊन झाडू मारतात, चपला सांभाळतात, ताटं उचलतात. आणि सेवेसाठी नंबर लावून वाट पाहतात! शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. इतकी वर्षं संस्थानचा कारभार पाहिला, पण संस्थानचा चहासुद्धा घेतला नाही, असं त्यांच्याबद्दल गावात अजून सांगतात.

याचा अर्थ आभार नकोतच असा मी घेत नाही. सेवाधाऱ्याला आपण केलेलं काम समोर दिसतं: झाडलेलं आवार, जेवून उठलेली पंगत. दूर मुंबईतल्या हॉस्पिटलसाठी दहा रुपये देणाऱ्या ऑटोवाल्याला ते दिसत नाही. ते त्याला दाखवणं हेच आपलं काम.

म्हणून यंदा आम्ही एवढंच ठरवलं आहे. देणाऱ्या आणि जमवणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीत, रक्कम न लिहिता. ज्याला नाव नको त्याचं नाही. पावती ज्याची त्याला. मुलाचा फोटो नाही, नाव नाही. आणि दर तीन महिन्यांनी ट्रस्टकडून आलेली खबर मेसच्या नोटीस बोर्डवर.

पहिली खबर मी ट्रस्टला फोन करून मागवली आणि मुलाच्या वडिलांना विचारूनच लावली. कडक औषधांचा टप्पा संपला, आता गोळ्या चालू आहेत, मुलगा घरी आला आहे. काकांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग बाजूला लावलेली नावांची यादी बोटाने खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "ऑटो स्टँडवरचे दोघं राहिले ना, बाबू."

ती दोन नावं मी पेनाने खाली लिहिली आहेत. पुढच्या वेळी छापून येतील.