सामान ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी
बदलीच्या नोकरीमुळे पुणे-नागपूर असा संसार मी तीनदा हलवला. त्यावरून सांगतो, फ्रीज शक्यतो उभाच न्यावा. आडवा केला, तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत शिरतं. तशी वेळ आलीच, तर नव्या घरी तो दिवसभर उभा ठेवून मगच सुरू करावा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा टब आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मशीन बसवताना काढलेले मागचे बोल्ट जपून ठेवावेत आणि प्रवासापूर्वी पुन्हा लावावेत, म्हणजे खड्ड्यांत टब आपटत नाही. सपाट पडद्याचा टीव्हीही उभाच बांधावा. कॉम्प्युटरमधल्या फोटोंची मात्र दुसरी प्रत काढून आपल्या हातातल्या पिशवीत ठेवावी. फ्रीज, टीव्ही पुन्हा विकत मिळतात. मुलांच्या लहानपणीचे फोटो मिळत नाहीत.