एड्युरोम : परक्या विद्यापीठात ओळख पटवणारं जाळं

पवईतल्या आयआयटी मुंबईचा विद्यार्थी उन्हाळी प्रकल्पासाठी जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात जातो. ग्रंथालयात बसून लॅपटॉप उघडतो आणि वायफाय आपसूक जोडलं जातं. तिथे त्याचं खातं नसतं, त्याने अर्ज केलेला नसतो, पासवर्डही मागितलेला नसतो. पवईत जे नेटवर्क होतं त्याच नावाचं इथेही आहे : एड्युरोम. आज शंभराहून अधिक देशांत ही सोय आहे. भारतात तिचं काम अर्नेट इंडिया पाहते.

2002 साली ही कल्पना निघाली तेव्हा विद्यापीठांत वायफाय नवं होतं आणि त्याचं संरक्षण कच्चं. वेप ही त्या काळची कूटपद्धत आदल्याच वर्षी फोडली गेली होती. पाहुण्या संशोधकासाठी प्रत्येक ठिकाणी तात्पुरतं खातं काढावं लागे. नेदरलँड्सच्या सर्फनेटमधल्या क्लास विरेंगा यांनी सुचवलं, की पाहुण्याची ओळख यजमानाने पटवायचीच कशाला? ती त्याच्या मूळ संस्थेला विचारावी. त्यासाठी लागणारी दोन्ही तंत्रं तयारच होती : ओळख पटेपर्यंत नेटवर्कची वाट बंद ठेवणारं 802.1एक्स आणि ओळखीची विचारणा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेणारं रेडियस. ती एकत्र गुंफणं हीच खरी प्रतिभा.

लॅपटॉप जोडायला गेला की वायफायचं यंत्र आधी इंटरनेटची वाट बंद ठेवतं आणि फक्त ओळख विचारतं. लॅपटॉप वापरकर्त्याचं नाव सांगतो. त्यात ॲट चिन्हापुढे संस्थेचा पत्ता असतो. यजमानाचा रेडियस सर्व्हर तेवढाच पत्ता वाचतो. तो आपला नसेल तर विचारणा यजमान देशाच्या सर्व्हरकडे जाते, तिथून वरच्या सर्व्हरकडे, मग भारतात आणि शेवटी पवईत. पवईचा सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो. लॅपटॉपला ते पटलं की दोघांमध्ये कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि पासवर्ड त्यातून जातो. मधल्या कुणालाही तो दिसत नाही, यजमान विद्यापीठालाही नाही. त्याला मिळतो फक्त होकार किंवा नकार. होकारासोबत त्या लॅपटॉपपुरती वेगळी किल्ली येते. घरच्या वायफायवर सगळे एकच पासवर्ड वापरतात, इथे प्रत्येकाची किल्ली निराळी. नीट मांडणी केली तर बोगद्याआधी उघडपणे सांगितल्या जाणाऱ्या ओळखीत वापरकर्त्याचं नावही येत नाही, फक्त संस्थेचं येतं. खासगीपणाची इतकी काळजी घेणारी सार्वजनिक सोय मला दुसरी क्वचितच दिसते.

या सगळ्याचा भार त्या प्रमाणपत्रावर आहे, आणि नेमकं तेच लोक वगळतात. फोनवर जोडणी करताना ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा पर्याय येत असे. तो निवडला की जोडणी झटपट होते, म्हणून कित्येक सूचनापत्रकांतही तोच सांगितलेला असे. पण एड्युरोम हे नाव कुणीही आपल्या यंत्राला देऊ शकतो. तपासणी बंद असलेला लॅपटॉप त्या तोतयालाही मूळ संस्था समजतो आणि त्याच्याशी बोलू लागतो. पासवर्ड पडताळण्याची सर्रास वापरली जाणारी एमएसचॅप-व्ही2 ही पद्धत बोगद्याबाहेर तग धरत नाही, हे 2012 मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं; म्हणजे बोगद्याच्या टोकाला तोतयाच असेल तर पासवर्ड त्याच्या हाती लागू शकतो. अनेकांचा तोच पासवर्ड ईमेलला असतो, निकालालाही. अँड्रॉइड 11 मध्ये डिसेंबर 2020च्या सुधारणेपासून तो पर्याय काढायला सुरुवात झाली. तेव्हा पुष्कळ तक्रारी झाल्या; निर्णय योग्यच होता.

योग्य मार्ग अवघडही नाही. कॅट हे साधन किंवा गेटएड्युरोम ॲप आपल्या संस्थेचं नाव निवडलं की प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव स्वतःच बसवतं. संस्थेने आपली माहिती तिथे भरलेली असली पाहिजे एवढंच. ज्या महाविद्यालयांनी ती भरलेली नाही, त्यांच्या संगणक विभागाने हे काम लगेच हाती घ्यावं.

आणि परदेशी निघणाऱ्या विद्यार्थ्यांनो, ही जोडणी इथेच करा, आपल्याच कॅम्पसवर तपासून पाहा. तिकडे अडलात तर तिथला मदतकक्ष तुमचा पासवर्ड बदलून देऊ शकत नाही. तो अधिकार तुमच्या मूळ संस्थेकडेच असतो.