दुकानाबाहेरचा तराजू

डिसेंबर १९०७. उत्तर चिलीतल्या इकीके बंदरात सोऱ्याच्या खाणींतले कामगार संपावर उतरले होते. त्यांनी मालकांपुढे ठेवलेल्या यादीत मजुरीची मागणी होती, चलनाची होती. आणि आणखी एक होती. प्रत्येक वसाहतीतल्या दुकानाबाहेर एक तराजू आणि एक मोजपट्टी ठेवावी, म्हणजे घेतलेला माल पुन्हा तोलून, मोजून पाहता येईल. संपाचे पुढारी पुरुष होते. पण पीठ किती भरलं आणि कापड किती कमी आलं, हे रोजच्या रोज कळायचं ते त्यांच्या बायकांना.

हा सगळा पसारा सोऱ्यासाठी होता. अटाकामाच्या वाळवंटात जमिनीच्या पृष्ठभागाजवळच ‘कालिचे’ नावाचा कडक थर असतो. त्यात सोडियम नायट्रेट असतं. ते पाण्यात सहज विरघळतं. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून ते टिकून राहिलं. युरोपातल्या शेतांना खत आणि तिथल्या तोफांना दारूगोळा, दोन्ही त्यातून मिळे. या पट्ट्यावरून १८७९ मध्ये पेरू आणि बोलिव्हियाशी चिलीचं युद्ध पेटलं. ते चिलीने जिंकलं आणि सोऱ्याचा सारा मुलूख तिच्या ताब्यात आला. तिथल्या उजाड पठारावर, म्हणजे पाम्पावर, दोनशेहून अधिक कारखाने उभे राहिले. चिली, पेरू, बोलिव्हिया या तिन्ही देशांतली माणसं तिथे पोटासाठी आली.

अशा एका कारखान्याच्या कामगार वसाहतीतली साधी बाई डोळ्यांसमोर आणा. घर कंपनीचं, पत्र्याचं; दुपारी भट्टीसारखं तापणारं, रात्री गारठणारं. पहाटे समुद्राकडून ‘कामांचाका’ नावाचं दाट धुकं चढून येई. नवरा सुरुंग लावून कालिचे फोडायला जाई, नाहीतर उकळत्या टाक्यांवर कामाला. त्या टाक्या उघड्या असत आणि माणसं त्यांत पडत. टाक्यांवर लोखंडी जाळ्या बसवा, हीसुद्धा १९०७च्या यादीतली एक मागणी. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी धड परत येईल याची खात्री नसलेलं ते घर होतं.

मजुरी रोख पैशांत मिळत नसे. कंपनी स्वतःची नाणी पाडायची. त्यांना ‘फिचा’ म्हणत. ती चालायची कंपनीच्याच दुकानात, ‘पुल्पेरिया’त. शेजारच्या वसाहतीत त्यांना पूर्ण किंमत मिळत नसे आणि बाहेरच्या विक्रेत्याला आत यायला मज्जाव असे. मजुरी देणारा, घर देणारा आणि पीठ विकणारा एकच. कंपनीने एका हाताने दिलेला पगार दुसऱ्या हाताने परत घ्यायचा, तो या दुकानात. त्यामुळे घरखर्च चालवणाऱ्या बाईला काटकसर करून भागत नसे; भाव आणि वजन दोन्ही समोरच्याच्या हातात होते.

तूट भरून काढायला ती स्वतः राबायची. एकट्या कामगारांसाठी खानावळ चालवायची, दुसऱ्यांचे कपडे धुवायची, शिवणकाम करायची. शेकडो पुरुषांना वेळेवर जेवण मिळालं नाही तर खाण चालणार कशी? बायकांनी ही ताकद ओळखली होती. घरातली चूल पेटवायचीच नाही, असे ‘विझलेल्या चुलींचे’ संप पाम्पाच्या इतिहासात नोंदलेले आहेत.

१९०७च्या संपात कामगार बायकापोरांसह इकीकेला उतरले आणि सांता मारिया शाळेत राहिले. २१ डिसेंबरला जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्दच्या हुकमावरून सैन्याने तिथे मशीनगन चालवल्या. किती माणसं मेली याचा वाद अजून मिटलेला नाही. सरकारी आकडा शंभराच्या घरात, तर इतर अंदाज हजारांत जातात.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९१३ मध्ये स्पॅनिश विचारवंत बेलेन दे सारागा इकीकेत व्याख्यानांसाठी आल्या. त्यानंतर तिथे त्यांच्याच नावाने स्त्रियांचं केंद्र सुरू झालं. तेरेसा फ्लोरेस त्यात पुढे होत्या. याच बंदरात १९०३ मध्ये जन्मलेल्या एलेना काफारेना पुढे वकील झाल्या. १९३५ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसोबत चिलीतल्या स्त्रियांच्या मुक्तीसाठी ‘मेम्च’ ही संघटना उभारली. फिचांमध्ये मजुरी देण्यावर १९२४च्या कामगार कायद्याने बंदी आणली होती. देशाच्या निवडणुकांत मत देण्याचा हक्क मात्र स्त्रियांना १९४९ मध्ये मिळाला.

तोवर सोऱ्याचे दिवस भरत आले होते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर चिलीच्या नायट्रेटची मागणी घसरत गेली. एकेक वसाहत ओस पडली. इकीकेजवळची हम्बरस्टोन १९६० मध्ये बंद झाली. २००५ मध्ये ती आणि शेजारची सांता लौरा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. नाट्यगृह, लोखंडी पोहण्याचा तलाव, पुल्पेरिया आणि घरांच्या रांगा आजही तिथे पाहता येतात. दर नोव्हेंबरला जुने रहिवासी आणि त्यांची मुलंबाळं तिथे जमतात.

हम्बरस्टोन हे नाव एका इंग्रज रसायन अभियंत्याचं आहे. सोरा काढण्याची पद्धत त्याने सुधारली, त्याचं श्रेय त्याला मिळालं, ते रास्तच. पण खाणीला रोज पोटभर जेवलेला माणूस लागतो, धुतलेला सदरा लागतो, उद्याचा कामगार होणारं मूल लागतं. हे सगळं कंपनीला जवळजवळ फुकट पुरवणारी बाई कुठल्याच पगारपत्रकावर नव्हती. सोऱ्यातून निघालेल्या श्रीमंतीत तिचा वाटा होता आणि तो तिला कुणी दिला नाही. खाणींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी, टनांच्या आकड्यांआधी हे मान्य करायला हवं.