घाटातली टकटक आणि पंपावरचा आकडा

लोणंदहून साताऱ्याकडे निघाले की सालपे घाट लागतो. फार मोठा नाही, पण जुन्या गाडीचे इंजिन जोखायला पुरेसा आहे. मे महिन्याची दुपार, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान आणि गिअर उतरवायचा कंटाळा करणारा चालक, एवढे जमले की चौथ्या गिअरमध्ये चढताना बॉनेटखालून बारीक, कोरडी टकटक ऐकू येते. गॅरेजवाले म्हणतात, "इंजिन नॉक मारतंय." मग शेजारी बसलेला कोणीतरी हमखास सांगतो, पुढच्या वेळी पॉवर पेट्रोल टाका. हा सल्ला काही गाड्यांना लागू पडतो. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत मात्र पैसे भलत्याच जागी जातात, आणि युरोपीय बनावटीच्या जुन्या गाड्यांमध्ये ही गल्लत जास्त होते.

टकटक कशाची ते आधी पाहू. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्वाला पसरत जाते. आपल्याकडे उसाचे पाचट पेटवतात तेव्हा आग एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे सरकावी अशी अपेक्षा असते. पलीकडचे टोक आपोआप पेटले तर दोन्ही आगी मध्ये येऊन भिडतात. सिलिंडरमध्येही तेच होते. ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने स्वतःहून पेट घेते, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि आपल्याला टकटक ऐकू येते. ती थोडा वेळ चालली तर फारसे बिघडत नाही. महिनोन् महिने चालू राहिली तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, हेड गॅस्केट जाते.

पेट्रोल असे अवेळी पेटण्याला किती विरोध करते, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. तो मोजायला एक सिलिंडरचे खास इंजिन असते, त्याचे कॉम्प्रेशन चालू असतानाच कमी-जास्त करता येते. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य धरायचे. आपले पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते ते पाहायचे. ९१ म्हणजे एक्क्याण्णव भाग आयसो-ऑक्टेन असलेल्या मिश्रणाइतकी सहनशक्ती. आकडा सहनशक्तीचा आहे, ताकदीचा नाही. जास्त ऑक्टेनच्या लिटरमध्ये जास्त ऊर्जा असते हा समज पंपावर पसरलेला असला तरी खोटा आहे.

आपल्याकडचा आकडा 'रॉन' पद्धतीचा असतो. ही चाचणी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर होते. दुसरी, 'मॉन', ९०० फेऱ्यांवर आणि तापवलेल्या मिश्रणावर घेतात, म्हणून तिचा आकडा आठ-दहाने कमी येतो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. तिथला ८७ म्हणजे साधारण आपला ९१. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने फोनवर सांगितलेला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये तो यासाठी. जर्मन गाडीच्या झाकणावर 'आरओझेड' लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. तो रॉनच, फक्त जर्मन आद्याक्षरांत. पेट्रोल भरायचे झाकण उघडले की आतल्या बाजूला स्टिकर असतो. तो वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आता गाड्यांकडे येऊ. युरोपीय गाडी म्हटले की परदेशातून आलेली असेच डोळ्यांसमोर येते, पण यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातच बनल्या. प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट ११००, ती कुर्ल्यात तयार होत असे. स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवली जाऊ लागली. फोक्सवॅगनची पोलो २०१० मध्ये चाकणहून बाजारात आली आणि २०२२ पर्यंत बनत राहिली. आडनाव एकाच खंडातले असले तरी तिघींची भूक वेगळी.

पद्मिनीचे इंजिन ज्या काळातले आहे त्या काळी आपल्याकडच्या पेट्रोलचा ऑक्टेन कमीच होता. तिचे कॉम्प्रेशन आठास एकच्या आत आहे, त्यामुळे ९१ सुद्धा तिला भरपूर होते. तिच्यात शंभर ऑक्टेनचे पेट्रोल घालणे ही निव्वळ हौस. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाच्या पोलोलाही ९१ चालते. खरा फरक पडतो तो टर्बो पेट्रोलमध्ये, म्हणजे १.८ लिटरची ऑक्टाव्हिया आरएस किंवा २०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय. टर्बो जादा हवा कोंबतो, दाब आणि उष्णता वाढते. अशा इंजिनाला नॉक सेन्सर असतो. टकटक सुरू होताच संगणक ठिणगीचे टायमिंग मागे घेतो. आवाज थांबतो, पण पिकअप आणि मायलेज दोन्ही घटतात आणि चालकाला कारण कळत नाही. या गाड्यांना ९५ द्यावे, आणि तेवढ्याने भागते.

आमच्या भागात जुन्या ऑक्टाव्हिया बहुतेक डिझेलच्या दिसतात. त्यांच्या मालकांनी ऑक्टेनचा विचारच करू नये. डिझेल लवकर पेटावे अशीच अपेक्षा असते आणि तिथला आकडा सीटेनचा.

ज्या गाडीला ९१ पुरायला हवे ती घाटात टकटक करत असेल, तर दोष बहुधा पेट्रोलात नाही. आधी गिअर उतरवून पाहा. कमी फेऱ्यांवर जोर दिला की कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला जास्त वेळ मिळतो. तिसऱ्यात टाकताच आवाज गेला तर चालवण्याची सवय बदलायची, पेट्रोल नव्हे. तरी गेला नाही तर टायमिंग तपासा, प्लग योग्य हीट रेंजचे आहेत का बघा, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट पाहा. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचतो. तो जागा व्यापतो म्हणून कॉम्प्रेशन वाढते, शिवाय स्वतः तापून राहतो. त्या इंजिनाची ऑक्टेनची गरज खरोखरच वाढलेली असते, पण उपाय हेडमधला कार्बन काढणे हा आहे.

ऑक्टेनचा प्रश्न तसाही आता बराचसा मागे पडला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळ्या पंपांवर पोहोचले. लोणंदकरांना हे काही परके नाही. नीरेपलीकडे सोमेश्वरनगरला साखर कारखान्याची डिस्टिलरी आहेच. ऊस गेला तो रस्त्यावरून, आता टाकीतून परत येतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, त्यात इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, पेट्रोलचा ८४.४ आणि वीस टक्के मिश्रणाचा ९५ सांगितला होता. म्हणजे एकेकाळी जादा पैसे देऊन घ्यायचा आकडा आता साध्या नळीतून येतो. फक्त सोबत तीन गोष्टी येतात, आणि जुन्या गाडीच्या मालकाने लक्ष द्यायचे ते त्यांच्याकडे.

पहिली गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्केवाल्याला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. मायलेज थोडे घटते, बाकी काही जाणवत नाही. पद्मिनीच्या कार्बोरेटरला असले डोळे नाहीत. त्याच जेटमधून तेवढेच पेट्रोल जाते, मिश्रण पातळ पडते, सकाळी गाडी मिसिंग करते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. उपाय हिशेबाचा आहे. जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२५ च्या जागी १३० घातला तर व्यास चार टक्क्यांनी आणि छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढते, बरोबर लागते तेवढे. जेट बदलल्यावर प्लग काढून बघा: फिकट तपकिरी रंग आला तर जमले, पांढराफटक असेल तर अजून पातळ आहे. जुने जेट सुईने कोरून मोठे करणाऱ्याच्या हातात मात्र कार्बोरेटर देऊ नका.

दुसरी गोष्ट रबराची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप, कार्बोरेटरचे गॅस्केट, पंपाचा डायाफ्राम हे शुद्ध पेट्रोलसाठी बनलेले रबर. इथेनॉलने ते आधी फुगते, मऊ पडते आणि पुढे तडकते. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, असे मंत्रालयाच्या त्याच खुलाशात म्हटले होते. पाइप क्लिपजवळ वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या, किंवा सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर थांबू नका. गरम एक्झॉस्टवर थेंब पडला तर गाडी पेटते. नवा पाइप घेताना इथेनॉल चालणाऱ्या, आतून व्हायटनचा थर असलेल्या प्रकाराचा मागा. इंजेक्शनच्या गाडीत दाब तीन-चार बारपर्यंत असतो, तिथे कार्बोरेटरचा पाइप कधीही लावू नये. टीएसआयच्या पंपापुढच्या नळ्यांत तर शंभराहून अधिक बार असतात, त्याला घरी हात लावायचाच नाही.

तिसरी गोष्ट पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे असेपर्यंत विरघळलेले राहते. प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंप तेच आधी ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलमधले इथेनॉल गेलेले असते, म्हणजे त्याचा ऑक्टेनही. पत्र्याची जुनी टाकी आतून गंजते, आणि इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकटाही सोडवते, म्हणून सुरुवातीला एक-दोन फिल्टर लवकर चोक होतात. ते बदलून टाकावेत.

आपल्या टाकीत नेमके काय आले हे घरी पाहता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे १०० मिलिलिटरचे मोजपात्र घ्या. मोकळ्या जागेत, जवळपास विस्तव नसताना, २० मिलिलिटर पाणी आणि ८० मिलिलिटर पेट्रोल घालून तोंड बंद करा, हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. खालचा पाण्याचा थर वीसवरच राहिला तर इथेनॉल नाही. पस्तीसच्या आसपास चढला तर वीस टक्के आहे. महाग पेट्रोल घेतले की इथेनॉल टळते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. ९५ च्या प्रीमियममध्येही मिसळ निघते.

हौसेची गाडी लग्नसराईपुरती बाहेर निघत असेल तर पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा कमी शिरते. पण तीन-चार महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे केलेले बरे. पुन्हा चालू करताना ताजे पेट्रोल, नवा फिल्टर, आणि पाच मिनिटे इंजिन चालवून बंद केल्यावर प्रत्येक क्लिपखाली कोरडा कागद फिरवून पाहणे. आठवड्याने क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात, कारण नवे रबर बसल्यावर थोडे दबते.