चोविशीनंतरचे ‘स्टारक्राफ्ट’

बुद्धिबळात प्रतिस्पर्धी विचार करत बसला की आपल्यालाही उसंत मिळते. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये ती सोय नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने आणलेल्या या संगणकीय खेळात दोन्ही बाजू एकाच वेळी चाली करतात. अंतराळात माणसांचे ‘टेरन’, किड्यांसारखे ‘झर्ग’ आणि तंत्रज्ञानात पुढारलेले ‘प्रोटॉस’ एकमेकांशी लढतात. खनिजे खणायची, तळ उभारायचा, सैन्य घडवायचे आणि नकाशाच्या अंधारात शत्रू काय करतोय याचा अंदाजही बांधायचा. व्यावसायिक खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास आज्ञा देतात. दक्षिण कोरियात तर या खेळाच्या लढती टीव्हीवर दाखवल्या जात.

२०१७ मध्ये कंपनीने मूळ खेळ मोफत केला आणि त्याच वर्षी त्याची सुधारित चित्रांची आवृत्ती आणली. शाळा-कॉलेजच्या वयात खेळलेले लोक चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा त्याकडे वळू लागले. डावपेच आठवतात, पण हात मागे पडतात, असा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना येतो. हा निव्वळ सराव सुटल्याचा परिणाम की वयाचा?

याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळाने या प्रश्नाचे काही उत्तर दिले आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ ते ४४ वयोगटातील ३,३०५ जणांच्या ‘स्टारक्राफ्ट २’च्या डावांच्या फाइल तपासल्या. या फाइलमध्ये खेळाडूची प्रत्येक हालचाल वेळेसकट नोंदलेली असते. खेळाडूने नजर नकाशाच्या नव्या भागाकडे वळवल्यापासून तिथे पहिली आज्ञा देईपर्यंत किती वेळ गेला, हे त्यांनी मोजले. २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना खटकला: हा वेळ साधारण २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो. निष्णात खेळाडूही त्यातून सुटत नाहीत.

चोविशी म्हणजे म्हातारपण नव्हे, हे सांगायला नकोच. एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. इथे त्याच माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झालेला नाही, तर वेगवेगळ्या वयाच्या माणसांची तुलना झाली आहे. शिवाय उशिराचे हे अंतर सेकंदाच्या अंशात मोजायचे आहे. रस्ता ओलांडताना ते कुणाला जाणवायचे नाही.

त्याहून रंजक भाग पुढे आहे. वय वाढलेले खेळाडू या मंदपणाची भरपाई करताना दिसले. ते तुलनेने सोपे डावपेच निवडतात आणि खेळाने दिलेल्या सोयींचा अधिक चांगला वापर करतात. मेंदूचा वेग घटला तरी कामाची मांडणी बदलून माणूस शर्यतीत टिकतो.

खेळामुळे मेंदूत काही चांगला बदल होतो का, हेही तपासले गेले. २०१३ च्या एका प्रयोगात ७२ तरुणींना ४० तास खेळवण्यात आले. काहींना ‘स्टारक्राफ्ट’, काहींना घर-संसाराचा ‘द सिम्स’. (सगळ्या तरुणीच का? आठवड्याला दोन तासांपेक्षा कमी खेळणारे पुरेसे तरुण सापडेनात!) ‘स्टारक्राफ्ट’चा अधिक गुंतागुंतीचा प्रकार खेळलेल्यांची एका विचारातून दुसऱ्याकडे चटकन वळण्याची क्षमता वाढलेली आढळली. गट लहान होता, त्यामुळे या निकालावर विसंबून मुलांच्या हाती माउस सोपवण्याची घाई नको.

दुसरी बाजू भयंकर आहे. २००५ मध्ये दक्षिण कोरियातील डेगू शहरात इंटरनेट कॅफेत जवळपास ५० तास हा खेळ खेळलेला २८ वर्षांचा तरुण कोसळला आणि मरण पावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकावी लागतात. त्यामुळे शनिवारी रात्री जुना डाव मांडणारा चाळिशीतला माणूस लगेच रुग्ण ठरत नाही.

त्याची अडचण वेगळीच आहे. मूळ ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एका वेळी फक्त १२ सैनिक निवडता येतात आणि नव्या कामगाराला खनिजाकडे स्वतःच धाडावे लागते. ‘स्टारक्राफ्ट २’ने ही कटकट कमी केली. सुधारित आवृत्तीने मात्र जुनी १२ ची मर्यादा तशीच ठेवली. फक्त आज्ञांची बटणे आपल्या बोटांना सोयीची पडतील तशी बदलून घेता येतात.